जुन्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग चार बोटं मोकळं फिरतं, कॉलमही हलतो. पूर्ण स्टेअरिंग बॉक्स (दांड्याखालची गिअरची पेटी) बदलावा का?

लगेच नको. पॉवर स्टेअरिंग नसेल तर आधी दोष नेमका शोधा. इंजिन बंद, चाकं सरळ. एकानं स्टेअरिंग डावं-उजवं हलवायचं, दुसऱ्यानं ड्रॉप आर्मवर, म्हणजे बॉक्समधून बाहेर आलेल्या हलत्या दांडीवर, हात ठेवायचा. आर्म लगेच हलला पण पुढचं चाक उशिरा वळलं, तर बॉल जॉइंट (दांड्यांच्या टोकाचे गोळ्याचे सांधे) गेलेत. आर्मच उशिरा हलला तर ढिलाई बॉक्समध्ये.

आता स्टेअरिंग वर-खाली उचलून बघा. ‘टक’ वाजलं तर बॉक्सच्या बेअरिंगमध्ये प्ले (ढिलाई) आहे, शिम (अंतर भरायची पातळ पत्र्याची चकती) कमी करावी लागेल. स्टेअरिंगचा दांडा आडवा हलला तर वरचं बुश (दांड्याला धरणारी छोटी नळी) झिजलंय. आपल्याकडं नांगरटीची काळी धूळ तिथूनच आत शिरते. बुश स्वस्त आहे, तेच आधी बदला.

शिम एका वेळी एकच, सर्वांत पातळ काढा. ड्रॅग लिंक (ड्रॉप आर्मपासून चाकाकडं जाणारा दांडा) सोडून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. कुठंही जड लागलं तर शिम परत घाला. जास्त आवळलं की वर्म (बॉक्समधला आट्यांचा गिअर) खरवडतो, मग खरंच बॉक्स बदलावा लागतो.

स्टेअरिंग काढायला पुलरच (ओढून काढायचं हत्यार) लावा. दांड्यावर हातोडा मारला की बेअरिंगच्या वाटीत गोळ्यांचे खड्डे पडतात. शेवटी ९० नंबरचं गिअर ऑइल बॉक्सच्या लेव्हल प्लगपर्यंत (पातळी दाखवणाऱ्या बुचापर्यंत) भरा. ड्रॉप आर्मच्या मुळाशी तेलकट काळा लगदा दिसला तर ऑइल सीलही नवं टाका. ऊस-ट्रॉली ओढायची असेल तर हे सगळं त्याआधीच करा.