पेटीत बाराच खण आहेत

भाऊ, तुझी घ्यायच्या चाकूंची यादी पाहिली. सात चाकू, आणि त्यातले चार जवळपास एकाच मापाचे! मीही हेच केलंय. एका वर्षी सारंगखेड्याच्या यात्रेतून तीन सुऱ्या आणल्या, कांदा मात्र जुन्याच सुरीने चिरत राहिलो.

आता माझ्या पेटीत बारा खण आहेत. तेरावा चाकू आला की एक बाहेर. कोणता, ते मनावर सोडत नाही. दिवाळीला प्रत्येक मुठीला दोरा बांधतो, वापरला की सोडतो. आखाजीपर्यंत (म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत) दोरा तसाच राहिला तर तो भाच्याला, नाहीतर विकायला. (आजोबांचा अडकित्ता या हिशोबात धरत नाही.)

खरेदी पोलाद बघून कर, नक्षी बघून नको. ओपिनेल ८ नंबर (फ्रेंच बनावटीचा, लाकडी मुठीचा घडीचा चाकू) घे, पातं साडेआठ सेंटिमीटरचं. कार्बन पोलादाचं असेल तर धार लवकर लागते, पण कैरी कापून तसंच ठेवलं की काळं पडतं आणि पावसाळ्यात गंजतं. ओल लागली की लाकडी मूठ फुगते, पातं उघडता उघडत नाही. हाच चाकू स्टेनलेसमध्येही मिळतो. दोन्हीतला एकच घे, निदान वर्षभर. पुढची सुरी गावच्या लोहाराकडून ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याची करून घे.

खंजीर-तलवारींच्या नादी लागू नकोस. घरकाम-शेतीची अवजारं सोडली, तर ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्र नियमांत येतं.

आणि धारेचा दगड घेतलास का? सातव्या चाकूचे पैसे त्यात घाल.