तुझं गिटहब बघितलं, त्याबद्दल

प्रिय मित्रा,

गिटहबवरचं, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवरचं, तुझं प्रोफाइल उठून कसं दिसेल असं विचारलंस, त्याचं उत्तर पुढे आहे. ते वाचण्याआधी एक काम उरकून घे. तुझ्या फायनल इयर प्रोजेक्टच्या रेपोत (कोडच्या फोल्डरमध्ये) डॉट एन्व्ह ही गुप्त सेटिंगची फाइल तशीच चढली आहे आणि तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड उघडा पडलाय. नुसती फाइल डिलीट करून नवीन कमिट (बदलाची नोंद) टाकलंस तर भागणार नाही. जुन्या कमिटमध्ये ती राहतेच आणि कुणीही मागे जाऊन वाचू शकतो. आधी पासवर्ड बदल, मग फाइल रेपोतून काढ आणि तिचं नाव गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) घाल. इतिहास साफ करायचं नंतर बघू, कारण पासवर्ड बदलला की इतिहासातला जुना पासवर्ड कुणाच्याच कामाचा राहत नाही. ‘माझा रेपो कोण बघतंय’ असं समजू नकोस. पब्लिक रेपोंमधून अशा किल्ल्या वेचत फिरणारे प्रोग्राम असतात.

झालं? आता तू विचारलेल्या प्रश्नाकडे येते. प्रोफाइल उठून कसं दिसेल?

आधी तुझं प्रोफाइल उघडतं कोण आणि कधी, ते सांगते. मोठ्या कंपन्या शेकड्यांनी फ्रेशर्स घेतात तेव्हा बहुतेक वेळा गिटहबपर्यंत कुणी पोचतच नाही. तिथे ॲप्टिट्यूड आणि ऑनलाइन कोडिंग टेस्टवर निकाल लागतो, त्याची तयारी वेगळी कर. पण ऐरोली, महापे, वागळे इस्टेटमधल्या लहान टीम, नवे स्टार्टअप, किंवा ओळखीतून पुढे गेलेला तुझा रेझ्युमे, इथे लिंक उघडली जाते. मी स्वतः फ्रेशर्सच्या मुलाखती घेते. ठाण्याहून ऐरोलीला येताना गाडीतच मोबाइलवर पहिली नजर टाकते, मग ऑफिसात लॅपटॉपवर नीट बघते. प्रोफाइलवर पिन केलेल्यांपैकी एखादा रेपो उघडायचा, रीडमी (रेपोची ओळख करून देणारी फाइल) वाचायचं, कमिटची यादी खालीवर करायची, एखादी फाइल आतून बघायची. काही मिनिटांचं काम. या मिनिटांत मी तुला पास-नापास करत नसते. समोर बसल्यावर तुला काय विचारायचं ते शोधत असते. प्रोफाइलवर काही सापडलं तर तुझ्या कामाबद्दल विचारते. नाही सापडलं तर सगळ्यांना विचारतात तेच चार प्रश्न विचारावे लागतात, आणि मग तुझ्यात आणि बाकीच्यांत मला फरक करता येत नाही. म्हणजे मुलाखतीत कशावर बोलायचं हे आधीच ठरवून ठेवण्याची संधी तुझ्या हातात आहे. बहुतेक मुलं ती फुकट घालवतात म्हणून वाईट वाटतं.

आत्ता तुझ्याकडे काय आहे बघ. वर भाषांच्या लोगोंची रांग, मधे आकडेवारीची रंगीत कार्डं, खाली टूडू लिस्ट, हवामानाचं ॲप, नेटफ्लिक्सचा क्लोन. शिकताना हे करावंच लागतं, त्यात कमीपणा काही नाही. पण त्यावर मी तुला विचारू काय? तू ज्याचा व्हिडिओ बघून हे केलंस, ते सगळे निर्णय त्यानेच घेतलेत. ते रेपो प्रायव्हेट कर किंवा अर्काइव्ह कर. सहा पिन करता येतात म्हणून सहा भरायची गरज नाही, दोन पुरतात. लोगोंची रांगही काढ. ज्या भाषेत तू एक छोटा प्रोग्राम लिहिलास आणि जिच्यात वर्षभर काम केलंस, त्या दोन्ही तिथे सारख्याच दिसतात.

प्रोफाइलवर रोजचे कमिट दाखवणाऱ्या हिरव्या चौकोनांची तुला फार काळजी दिसली. ती सोड. कमिटवरची तारीख कुणालाही हवी तशी घालता येते, त्यामुळे भरगच्च हिरवा तक्ता बघून अनुभवी माणसाचं मत बनत नाही. सलग किती दिवस काम केलं ते दाखवणारा आकडा गिटहबने २०१६ मध्ये स्वतःच काढून टाकला. रोज रात्री एक स्पेस वाढवून कमिट करणारी स्क्रिप्ट तुझ्या मित्राने दिली आहे म्हणालास, ती चालवू नकोस. कुणी कमिट उघडून बघितलं तर बाकीच्या खऱ्या कामावरचाही विश्वास जातो. तुझे कॉलेजच्या लॅबमधले कमिट मात्र तिथे दिसत नाहीत, त्याचं कारण साधं आहे. त्या मशीनवर गिटमध्ये (कमिट करणाऱ्या प्रोग्राममध्ये) दुसरा ईमेल होता. तो पत्ता तुझाच असेल तर गिटहबच्या सेटिंगमध्ये जोड, जुने कमिटही मोजले जातील. फोर्कमधले, म्हणजे दुसऱ्याच्या रेपोच्या तुझ्या प्रतीतले, कमिट मूळ रेपोत मर्ज (सामील) होईपर्यंत मोजले जात नाहीत, आणि मुख्य ब्रांचवर (शाखेवर) न आलेलं कामही तिथे दिसत नाही, हे माहीत असू दे. एवढं करून तक्ता विसरून जा.

आता करायचं काय. घराजवळचा एक खरा प्रश्न घे आणि तो शेवटपर्यंत सोडव. तुझे बाबा वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटला गाळ्यावर हिशोब लिहितात. आवक, भाव, गोणी, क्विंटल हे शब्द तू लहानपणापासून ऐकत आलास. ऐरोलीतल्या एसी ऑफिसात बसलेल्या आम्हा कुणाला ते कळत नाही. भारत सरकारच्या डेटा डॉट गव्ह डॉट इन या साइटवर देशभरातल्या बाजार समित्यांचे रोजचे भाव एपीआयने, म्हणजे प्रोग्रामला थेट मागवता येतील असे, मिळतात: बाजार, शेतमाल, जात, तारीख, किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव, रुपये प्रति क्विंटल. त्यातून फक्त कांदा घे. रोजचा भाव साठव आणि एका पानावर दाखव. एवढंच.

ऐकायला हे टूडू लिस्टपेक्षा फार मोठं वाटणार नाही. करायला बसलास की बघ. बाजार बंद असेल त्या दिवशी नोंद नसते. मग आलेखात कालचाच भाव पुढे ओढायचा की मोकळी जागा सोडायची? ओढलास तर भाव स्थिर होता असा खोटा समज होतो. सोडलीस तर रेघ तुटते आणि बघणाऱ्याला वाटतं तुझं पान बिघडलंय. किमान आणि कमाल भावात मोठं अंतर असेल तर एकच आकडा दाखवणं बरोबर का? गिऱ्हाईक किलोत विचार करतं, बाजार क्विंटलमध्ये, दाखवायचं कशात? आकडे देवनागरीत दाखवायचे तर जावास्क्रिप्टला एमआर-आयएन हे लोकेल (भाषा आणि देशाची खूण) दिलं की १२,३४,५६७ असं लाख-हजारांच्या स्वल्पविरामासकट मिळतं, पण मग ते पुन्हा वाचून बेरीज करायची वेळ आली तर? यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर बाबांना विचार. त्यांचं उत्तर आणि तुझा निर्णय दोन्ही लिहून ठेव. मुलाखतीत मी याच गोष्टींवर अर्धा तास बोलेन, आणि तेव्हा तू माझ्यापेक्षा जास्त जाणकार असशील.

चालवायला खर्चही येणार नाही. पब्लिक रेपोला गिटहब ॲक्शन्स (कामं आपोआप चालवणारी सोय) आणि गिटहब पेजेस (वेबपान दाखवणारी सोय) फुकट आहेत. रोज एकदा ॲक्शनने भाव आणायचा, जेसन या साध्या डेटा फाइलमध्ये साठवायचा, पेजेसवरचं पान ती फाइल वाचेल. एपीआयची किल्ली रेपोच्या सीक्रेट्समध्ये, म्हणजे ती लपून राहते त्या सेटिंगमध्ये, ठेव, पानाच्या कोडमध्ये नको. डॉट एन्व्हचा धडा इथे उपयोगी पडेल. वेळ लावताना लक्षात ठेव की तिथलं क्रॉन (वेळापत्रक) यूटीसीने, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या वेळेने चालतं. आपल्याकडे रात्री ९ वाजता हवं असेल तर तिथे १५:३० लिहावं लागतं, आणि गर्दीच्या वेळी थोडा उशीरही होतो. रोजचा तो आपोआप होणारा कमिट बॉटच्या नावाने होऊ दे, तुझ्या नावावर नको.

कांद्याचा विषय नको असेल तर दुसरं सांगते, कारण मन लागलं नाही तर ते अर्धवट राहील. मराठी मजकुराला सॉफ्टवेअर अजून नीट हाताळत नाही. ‘क्षी’ला आपण एक अक्षर म्हणतो, जावास्क्रिप्टची लांबी मोजणारी लेंग्थ त्याला ४ म्हणते. फॉर्ममध्ये नावाला अक्षरांची मर्यादा घातली की मराठी नाव मधेच तुटतं. देवनागरी जोडाक्षर तोडू नये हा नियम युनिकोडच्या (लिप्यांच्या संगणकी मानकाच्या) मजकूर तोडण्याच्या नियमांत १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला, त्यामुळे जुन्या आणि नव्या ब्राउझरमध्ये उत्तर वेगळं येऊ शकतं. मराठी नावं बरोबर मोजणारी, बरोबर कापणारी छोटी लायब्ररी आणि तिच्या भरपूर टेस्ट, हासुद्धा पिन करण्याजोगा रेपो आहे. दोन्ही मात्र एकदम घेऊ नकोस.

रीडमीवर वेळ घालव. कोडवर घालवतोस तितका नाही, पण त्या खालोखाल. पहिल्या वाक्यात हे कुणासाठी आणि काय करतं ते सांग. लगेच चालू पानाची लिंक आणि मोबाइलवरही वाचता येईल असा एक स्क्रीनशॉट. मग चालवायचं कसं. मग तू घेतलेले निर्णय, वर लिहिले तसले, कारणांसकट. शेवटी काय अजून जमलेलं नाही ते. हा शेवटचा भाग मुलं लपवतात, आणि मी तोच आधी शोधते, कारण स्वतःच्या कामातली उणीव ज्याला दिसते त्याच्याबरोबर काम करणं सोपं जातं. रीडमी इंग्रजीत असू दे, आपल्या धंद्यात वाचणारे सगळीकडचे असतात, पण छोट्या साध्या वाक्यांत. तू मराठी माध्यमातून आलास म्हणून एआयकडून भारी इंग्रजी लिहून घेऊ नकोस. ते लगेच ओळखू येतं आणि बोलायला बसलास की जुळत नाही. कांद्याचं पान बाबांच्या गाळ्यावर उघडलं जाणार असेल तर शेजारी मराठी रीडमी ठेव, ते मला फार आवडेल.

आणि एआयचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट सांगते. कोड लिहिताना त्याची मदत घेतलीस तर कुणी आक्षेप घेणार नाही, आम्हीही घेतो. पण रेपोतली कुठलीही ओळ दाखवून ‘हे इथे का आहे’ असं विचारलं तर तुला सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर ती ओळ समजेपर्यंत गिटहबवर ढकलू नकोस.

रीडमी लिहून झालं की एखाद्या मित्राच्या लॅपटॉपवर रेपो क्लोन करून, म्हणजे उतरवून घेऊन, लिहिलंय तेवढंच करून बघ. तुझ्या मशीनवर आधीपासून असलेल्या किती गोष्टी तू लिहायच्या विसरलास ते तिथे कळेल.

कमिट मेसेजबद्दल. ‘फायनल’, ‘फायनल टू’, ‘चेंजेस’ यावरून मला काहीच कळत नाही. ‘नोंद नसलेल्या तारखेला भाव शून्य दिसत होता, आता जागा मोकळी सोडली’ या अर्थाचं एक वाक्य लिहिलंस तर कोड न उघडताही तू विचार कसा करतोस ते दिसतं. एका कमिटमध्ये एकच बदल. जुने कमिट मात्र सजवायला जाऊ नकोस, आजपासून नीट लिही. जे सुचेल पण आत्ता जमणार नाही त्याचा स्वतःच्याच रेपोत इश्यू (अडचणीची किंवा कामाची नोंद) उघडून ठेव. लायसन्सची फाइलही घाल, एमआयटी नावाचं लायसन्स चालेल. लायसन्स नसेल तर कोड उघडा दिसत असूनही दुसऱ्याला तो वापरायची परवानगी मिळत नाही. कुणाचा कोड घेतला असशील तर त्याचं लायसन्स आणि नाव काढू नकोस.

दुसऱ्यांच्या प्रोजेक्टमध्ये पुल रिक्वेस्ट (माझा बदल घ्या अशी विनंती) करायची का, असं विचारलं होतंस. कर, पण नुसता आकडा वाढवायला नको. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे ऑक्टोबरात पुल रिक्वेस्ट करायच्या उपक्रमात, टी-शर्टसाठी लोकांनी रीडमीत एकेक शब्द बदलून इतक्या पुल रिक्वेस्ट पाठवल्या की प्रोजेक्ट सांभाळणारे वैतागले आणि आयोजकांना नियम बदलावे लागले. तू जे रोज वापरतोस तिथून सुरुवात कर. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉण्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले मुक्ता, बलू हे देवनागरी फॉण्ट खुले आहेत, गिटहबवर आहेत. एखादं जोडाक्षर कुठल्या ब्राउझरमध्ये चुकीचं दिसतं, हे स्क्रीनशॉटसकट, पुन्हा करून बघता येईल असं लिहिलेला इश्यू ही चांगली भर आहे. मराठी येणारी नजर तिथे लागते आणि ती तुझ्याकडे आहे.

राहिलेलं किरकोळ: खरं नाव, स्पष्ट फोटो, गाव, एका ओळीत काय करतोस ते, आणि ईमेल. मोबाइल नंबर नको. युजरनेमच्याच नावाचा पब्लिक रेपो करून त्यात रीडमी ठेवलं की ते प्रोफाइलवर वर दिसतं, तिथे चार-पाच ओळी लिही. कमिटमधला ईमेल सगळ्यांना दिसतो, नको असेल तर सेटिंगमध्ये गिटहबचा नो-रिप्लाय पत्ता मिळतो, तो गिटमध्येही भर.

घाई करू नकोस. कांद्याचं पान एक-दोन महिने चालू राहिलं, मधे कधी बंद पडलं आणि तू ते दुरुस्त केलंस, तर त्या दुरुस्तीचा कमिट मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त सांगेल. तेवढं झालं की लिंक पाठव. मी तुझं रीडमी वाचून माझ्या मशीनवर चालवेन आणि अडेन तिथे रेपोत इश्यू उघडेन. त्याचं उत्तर व्हॉट्सॲपवर देऊ नकोस, तिथेच लिही. बाबांना नमस्कार सांग.

तुझी,
ताई