आमच्या घरात कसला जगाचा इतिहास?

प्रश्न : नववीतल्या नातीला वंशावळीतून जगाचा इतिहास शोधायचाय. आम्ही पिढीजात विणकर. काय सापडणार?
— एक आजोबा, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : काका, असं म्हणू नका! विणकराच्या घरात तर जग भरलेलं असतं. तुमचे पूर्वज तेलंगणातून इथं का आले, विचारा. हातमागाच्या पोटावर आलेलं, इंग्लंडातल्या मँचेस्टरचं गिरणी-कापड समोर येईल. 1861 ते 1865च्या अमेरिकी यादवीत तिकडचा कापूस अडला नि आपल्या कापसाचे भाव चढले, तेही येईल. प्रत्येक नावापुढे जन्मगाव, धंदा, स्थलांतराचं साल लिहा. आणि पणज्यांची माहेरची नावं हवीतच. वंशावळीत बायका गाळतात, ते मला खुपतं. विडी वळणाऱ्या आजीची मजुरी, मालकाने बाद केलेल्या विड्या, सगळं टिपा. मे 1930मध्ये सोलापुरात इंग्रजांचा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लागला, तेव्हा घरातलं कोण कुठं होतं, हे घरच्या म्हाताऱ्यांना आजच विचारा.