राणीछाप, रामटका आणि ‘नागपूर, सी.पी.’

ताई, तुमचा प्रश्न मी थोडक्यात मांडतो. नागपूरच्या महाल भागातलं घर रिकामं करताना सासऱ्यांच्या ट्रंकेत चांदीचे रुपये, रामाचं चित्र असलेला तांब्याचा ‘जुना पैसा’, पाकिटं आणि स्टॅम्पपेपरचा गठ्ठा, कापडाच्या ताग्यावरचं एक रंगीत लेबल आणि ट्रॅक्टरवाल्या पाचच्या काही नोटा निघाल्या. घरचे म्हणतात, चांदी इतवारीच्या सराफ्यात मोडा आणि बाकी रद्दीत घाला. तुम्हाला वाटतंय की यात इतिहास असणार, पण तो बघायचा कसा?

आधी एक काम करा. ट्रंक जशी लावलेली आहे तसाच तिचा फोटो काढा. कुठल्या डब्यात काय होतं, कुठल्या पुरचुंडीत काय बांधलेलं होतं, ते लिहून ठेवा. आणि नाणी चिंचेने, राखेने, भांड्याच्या पावडरीने अजिबात घासू नका. हौशी लोक चकचकीत नाण्यामागे धावतात. माझं मत उलटं आहे. वस्तू कोणाच्या हातात होती आणि तिचं काय केलं गेलं, ते तिच्या मळावर आणि ओरखड्यांवरच लिहिलेलं असतं.

आता रुपये. राणीच्या चेहऱ्याभोवतीची अक्षरं वाचा. 1862 पासूनच्या नाण्यांवर ‘व्हिक्टोरिया क्वीन’ आहे, 1877 पासून ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’. नागपूरकराला हा फरक सांगावा लागू नये! 1 जानेवारी 1877 ला राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं आणि त्याच दिवशी जमशेदजी टाटांची गिरणी आपल्या गावात सुरू झाली. म्हणून तिचं नाव एम्प्रेस मिल. तिच्या जागेवरच्या मॉलमध्ये फिरणाऱ्या पोरांना ही ‘एम्प्रेस’ कोण, विचारून बघा. नाण्यावरचा शब्द आणि गिरणीवरची पाटी एकाच फर्मानातून आली आहे.

तुमच्या फोटोत दोन रुपयांना वर कडी डाकलेली दिसते. संग्राहक अशा नाण्याला ‘खराब’ म्हणतात आणि भाव पाडतात. बाजाराच्या हिशेबाने ते बरोबर असेल, पण मला तेच दोन सगळ्यांत आवडले. राणीछाप रुपया म्हणजे तोळाभर वजन, त्यात जवळपास 92 टक्के चांदी. बँक गावात नव्हती, असली तरी बाईमाणसाचं तिथे खातं नव्हतं. मग हाती आलेला रुपया गळ्यात जायचा. माळेत असेपर्यंत तो दागिना, अडचण आली की काढून मोडायचा. विदर्भातल्या बंजारा बायांच्या पोशाखावर शिवलेल्या पावल्या-चवल्या बघा, तोच हिशेब. इंग्रजाने खजिन्यासाठी पाडलेलं नाणं आपल्या आज्यांनी स्त्रीधन करून टाकलं. कडीजवळ राणीचा मुकुट किती झिजलाय तेही बघा. माळ किती वर्षं अंगावर होती याचा अंदाज तिथेच येतो.

कडा वेड्यावाकड्या, जाडसर, फारसी अक्षरं अर्धवट उमटलेली अशी नाणी त्यात असतील तर मात्र सराफाकडे नेऊच नका. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातली नाणी तशी दिसतात. राज्य मराठ्यांचं, फौज मराठ्यांची, कटकपर्यंत दरारा, आणि नाण्यावर नाव दिल्लीच्या मुघल बादशहाचं! सत्ता हातात असली तरी बाजारात चालायला ओळखीचाच छाप लागायचा. 1853 मध्ये तिसरे रघुजी वारले आणि पुढच्याच वर्षी गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केलं.

रामाच्या पैशाबद्दल, म्हणजे ‘रामटक्या’बद्दल, थोडं कडू बोलतो. एका बाजूला राम-सीता-हनुमान, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि 1818 साल, असं ते असणार. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. हे नंतर कोणीतरी तयार करून विकलेले टोकन आहेत. ‘हा चमत्कारी पैसा तांदूळ स्वतःकडे ओढून घेतो’ म्हणून लाखो रुपये सांगणारे भामटे याच्याच जिवावर जगतात, त्यांना दारात उभं करू नका. पण फेकूही नका. त्याच्या खाचांत हळद-कुंकू घट्ट बसलेलं तुमच्या फोटोत स्पष्ट दिसतंय. नाणं म्हणून खोटं, पण तुमच्या घरातली पूजा खरी होती ना? घरातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा, तो कोणी आणला आणि कुठल्या सणाला बाहेर निघायचा.

पाकिटांचा गठ्ठा मला चांदीपेक्षा मोलाचा वाटतो. तारखेप्रमाणे लावून फक्त पत्ते वाचत जा. आधी ‘नागपूर, सी.पी.’ येईल, म्हणजे मध्यप्रांत. 1950 नंतर मध्यप्रदेश, कारण तेव्हा त्या राज्याची राजधानी नागपूर होती, भोपाळ नव्हे. 1 नोव्हेंबर 1956 नंतर मुंबई राज्य आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्र. (सवय मोडत नसल्याने लोक जुनंच लिहीत राहायचे, म्हणून डाकेच्या शिक्क्याची तारीखही बघा.) घर महालातच, विहीर तीच, आणि दहा वर्षांत तीन राज्यं. विदर्भाचं काय करायचं यावर आपल्याकडे चहाच्या टपरीवर आजही भांडणं होतात, त्याचं मूळ या पत्त्यांत आहे. तिकिटं उकलून अल्बममध्ये चिकटवायची दुर्बुद्धी कोणालाही होऊ देऊ नका. पाकिटापासून सुटलं की तिकीट नुसतं तिकीट उरतं.

1957 नंतरच्या तिकिटांवर ‘नये पैसे’ दिसतील. त्या वर्षी 1 एप्रिलपासून सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला.

कापडाचं लेबल सपाट ठेवा, लॅमिनेशन करू नका. गिऱ्हाइकाला वाचता आलं नाही तरी चित्रावरून माल ओळखता यावा, म्हणून गिरण्या असली रंगीत लेबलं लावायच्या. मागे डिंकाला धागे चिकटले असतील तर तसेच राहू द्या.

ट्रॅक्टरच्या नोटांना लाखो मिळतात हे व्हॉट्सॲपवरचं खूळ आहे. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये अशा फसवणुकीबद्दल लोकांना सावध केलंय. कोणी ‘आधी फी भरा’ म्हटलं की फोन ठेवा.

विकायचंच ठरलं तर वजनावर देऊ नका. 1862 सालाचे रुपये बाजूला काढा आणि भिंगाखाली आकड्याच्या आसपास बारीक ठिपके आहेत का बघा. टांकसाळीने तेच साल पुढे 1874 पर्यंत वापरलं, त्यामुळे ठिपक्यांवरून त्यांचे प्रकार पडतात आणि भावातही फरक पडतो. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू परदेशी गिऱ्हाइकाला परस्पर पाठवू नका, 1972 च्या पुरावस्तू कायद्याने ते चालत नाही. आणि घर पाडताना जमिनीत काही सापडलं तर गोष्ट वेगळी. 1878 च्या कायद्याप्रमाणे ते कलेक्टरला कळवावं लागतं. ट्रंकेतलं तुमचंच आहे. कडीवाल्या रुपयांचा दोन्ही बाजूंचा जवळून फोटो टाका, साल मी वाचून सांगतो.