चाळिसाव्या पानावरची शंका

प्रश्न : मी साताऱ्यात नोकरी करते. तीन वर्षांपासून एक पटकथा लिहीत आहे. मात्र तीस-चाळीस पाने झाली की सारे पोरकट वाटते आणि मी पुन्हा पहिल्या प्रसंगापासून आरंभ करते. माझ्यात ती पात्रताच नाही, असे समजावे का?

उत्तर : तसे मुळीच समजू नका. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, हा हिशेब धरला तर आपण नेमक्या तिथे थांबता, जिथे कथेची मांडणी संपून तिचा अवघड मध्यभाग सुरू होतो आणि नायिकेला नेमके काय हवे आहे, याचे उत्तर लेखकाला द्यावेच लागते. ही अडचण रचनेची आहे. आपण तिला स्वतःच्या कुवतीवरचा निकाल मानत आहात, याचे मला मनापासून वाईट वाटते. पहिला प्रसंग आता उघडूच नका. आधी शेवट ठरवा, तिथून मागे येत प्रत्येक प्रसंगाची एकेक ओळ लिहा आणि मगच संवादांकडे वळा. पहिला खर्डा कच्चाच असतो, तरीही तो पूर्ण करा, कारण अर्धवट पटकथेचे पुनर्लेखन करता येत नाही. पुढे संवाद कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. कृत्रिम वाक्य कानाला लगेच खटकते. निर्मात्याला संहिता दाखवण्यापूर्वी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे तिची नोंदणी अवश्य करा.

स्वतःच्या कुवतीविषयीची शंका हाच विषय असलेल्या ‘द डिसायपल’ या मराठी चित्रपटासाठी चैतन्य ताम्हाणे यांना 2020 मध्ये व्हेनिस महोत्सवात सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. तो जरूर पाहा, परंतु आपला खर्डा पूर्ण झाल्यावर.