पडद्यावरची खूण आणि आकाशातले विमान

प्रश्न : प्रवासी विमानाचा मार्ग ठरलेला असतो आणि स्वतःची ओळख सांगणारे यंत्रही त्यात असते. तरीही युद्धकाळात ते शत्रूचे समजून पाडले जाते, ते कसे? दोष कोणाचा मानायचा?
– एक वाचक

उत्तर : क्षेपणास्त्र डागणाऱ्याला विमान दिसत नाही, त्याला रडारच्या पडद्यावरची खूण दिसते आणि काही मिनिटांत तिचा अर्थ लावावा लागतो. ३ जुलै १९८८ रोजी इराण एअरचे ६५५ क्रमांकाचे विमान बंदर अब्बासहून दुबईला निघाले, तेव्हा खाली अमेरिकेची ‘विन्सेन्स’ ही युद्धनौका इराणी बोटींशी लढण्यात गुंतली होती. बंदर अब्बासचा तळ इराणचे हवाई दलही वापरत असल्याने हे एफ-१४ लढाऊ विमान असावे, असा समज नौकेवर झाला आणि एकदा झालेला समज पुढची माहिती स्वतःला हवी तशी वळवून घेतो. विमान वर चढत होते, नागरी संकेत देत होते आणि हे नौकेच्याच संगणकात नोंदले जात होते. तरी नियंत्रण कक्षात ‘ते खाली येते आहे’ असेच सांगितले जात राहिले. इशारेही बहुतांशी लष्करी फ्रीक्वेन्सीवर दिले गेले, जी प्रवासी विमानात ऐकूच येत नाही! त्या दिवशी २९० माणसे गेली. १९९६ मध्ये अमेरिकेने मृतांच्या वारसांसाठी ६ कोटी १८ लाख डॉलर देण्याचे मान्य केले, मात्र कायदेशीर जबाबदारी स्वीकारली नाही.

कायद्यात संदिग्धता फारशी नाही. उडत्या नागरी विमानावर शस्त्र चालवू नये, हे कलम नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय शिकागो करारात १९८४ मध्ये घालण्यात आले आणि युद्धाचे नियमही शंका असल्यास व्यक्तीला नागरी समजायला सांगतात.

दोष अर्थातच आधी डागणाऱ्याचा. पण संघर्षाच्या प्रदेशावरचे आकाश खुले ठेवणाऱ्यांना आणि तेथून विमाने नेणाऱ्या कंपन्यांना मी सहजासहजी सोडणार नाही. १७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवर मलेशिया एअरलाइन्सचे एमएच-१७ पाडले गेले आणि २९८ जण मरण पावले. त्या भागात ३२ हजार फुटांपर्यंतचेच आकाश बंद होते आणि विमान ३३ हजार फुटांवर, म्हणजे नियमानुसार परवानगी असलेल्या उंचीवर होते. आकाश पूर्ण बंद होईपर्यंत त्या दिवशी तेथून १६० प्रवासी विमाने गेली होती.