लिंकन यांची हत्या आणि घरची पत्रं

प्रश्न : लिंकन यांच्या हत्येबद्दल त्या वेळी लोकांनी घरच्यांना लिहिलेली पत्रं पुरावा म्हणून कितपत धरावीत? असं पत्र हाती आलं, तर तपासावं आणि सांभाळावं कसं?

उत्तर : लिहिणारा त्या घटकेला कुठे होता, हे आधी पाहा. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री सव्वादहाच्या सुमारास वॉशिंग्टनच्या फोर्ड्‌स थिएटरात गोळी झाडली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी समोरच्या पीटरसन यांच्या घरात लिंकन यांनी प्राण सोडला. ती खोली विल्यम क्लार्क या भाडेकरूची. त्या रात्री तो बाहेर होता. १९ तारखेला त्याने बहिणीला कळवलं, की गादी तीच आहे, पांघरूणही तेच, आणि आठवण म्हणून काहीबाही उचलून न्यायला लोक टपलेले आहेत. शेवटच्या क्षणांसाठी हे पत्र कुचकामी. खोलीसाठी मात्र अव्वल.

मारेकरी बूथ काय ओरडला, कधी ओरडला, यावर प्रत्यक्ष पाहणाऱ्यांचंही एकमत नाही. खुद्द बूथच्या टिपणवहीत गोळीच्या आधी ओरडल्याचं आहे. इतर अनेकांनी ते गोळीनंतर, रंगमंचावरून आलेलं ऐकलं. वर्तमानपत्रं १५ तारखेपासूनच भरून वाहत होती, तेव्हा पत्रातलं वाक्य छापील बातमीशी शब्दशः जुळलं तर ते उसनं समजा. साधासा, बिनकामाचा वाटणारा तपशील सहसा जास्त खरा असतो.

तपासताना दहापट भिंग लावा. खऱ्या शाईत रेघ कुठे दाट, कुठे फिकी दिसते. छापील नकलेत ती सपाट असते. अतिनील दिव्याखाली कागद निळसर-पांढरा चमकला, तर तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला असण्याचा दाट संशय घ्या. पाकिटावरच्या टपाल शिक्क्यात साल नसेल तर बिचकू नका, तेव्हा ते बऱ्याचदा नसायचंच. पाकीट मात्र पत्रापासून कधीही वेगळं करू नका.

त्या काळची शाई बहुधा लोहाची. ती आम्ल सोडते आणि ओल लागली की कागद अक्षरांच्या रेघांवरच फाटतो. म्हणून कडक घड्या पाणी शिंपडून उलगडणं नको, ते संवर्धकाचं, म्हणजे जुने कागद जपणाऱ्या तज्ज्ञाचं काम. हात धुऊन कोरडे करा, हातमोज्यांनी उलट कडा फाटतात. आम्लरहित फोल्डर, १८ ते २० अंश तापमान, ३५ ते ५० टक्के आर्द्रता, अंधार. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन अजिबात नको. चिकटपट्टीचा डाग पुढे निघता निघत नाही. नोंद करायची ती फोल्डरवर, पेन्सिलने.